पन्नास मीटरांची रेषा आणि भरतीचे पाणी

न्यायालयाचा निर्णय हा रसिकांच्या वाचनाचा विषय नव्हे अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि वकिली करणाऱ्या आमच्यासारख्यांनीच ती दृढ केली आहे. निर्णय हाती आला की शेवटचे पान उलगडावे, आपला पक्षकार जिंकला की हरला एवढे पाहावे, आणि उरलेला मजकूर पुढच्या एखाद्या दाव्यात दाखला म्हणून उपयोगी पडेल या हिशेबाने कपाटात ठेवावा, ही आमची रीत. परंतु काही निर्णय असे असतात की ते एखादा ग्रंथ वाचावा तसे सावकाश वाचले पाहिजेत. समाजाने आपल्या परिसराशी कसे वागावे याविषयीचा एक विचार त्यांत मांडलेला असतो. आणि विचार म्हटला की त्याची परीक्षाही आलीच.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती रियाझ छागला यांनी १७ सप्टेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रातील खारफुटीविषयी दिलेला निर्णय या जातीचा आहे. त्याचे समग्र परीक्षण करण्याचा आमचा मानस नाही. एकच प्रश्न आम्ही त्याला विचारणार आहोत: शहराला लागून असलेल्या खाडीतील खारफुटीला प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून वाचविण्यास हा निर्णय कितपत पुरा पडतो?

निर्णय महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरता आहे. गोमंतकातील वाचकाने त्याची चिंता का करावी, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर सोपे आहे. ज्या उच्च न्यायालयाने हा निर्णय दिला त्याचेच खंडपीठ गोव्याचा न्याय पाहते. शिवाय देशाच्या वनसर्वेक्षणाच्या २०२१ सालच्या अहवालात महाराष्ट्राच्या नावावर ३२४ चौरस किलोमीटर खारफुटी नोंदलेली आहे आणि गोव्याच्या नावावर अवघी २७. ज्याच्या घरात धान्याची कणगी लहान त्याने उंदराची काळजी अधिक करावयाची असते.

प्रथम निर्णयाचे श्रेय. एका पर्यावरणवादी संस्थेने केलेल्या जनहित याचिकेतून हे प्रकरण उभे राहिले. ६ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयाने एक अंतरिम आदेश दिला आणि राज्यभर खारफुटीची तोड थांबविली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती आणि मुंबई बुडाली होती. तो आदेश त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतला आहे. तेरा वर्षांनी आलेल्या अंतिम निर्णयाने त्या आदेशाला पक्का पाया दिला. खारफुटीचा नाश म्हणजे राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्कावरील आघात होय, असे त्याने म्हटले. जमिनीचा मालक सरकार असो वा खाजगी इसम, जेथे खारफुटी आहे तेथे आणि तिच्याभोवती पन्नास मीटरांपर्यंत बांधकाम होता कामा नये, असे बजावले. सरकारी जमिनीवरील कांदळवने वनखात्याच्या ताब्यात द्यावीत, जेथे नाश झाला तेथे ती पुन्हा उभी करावीत, असेही सांगितले.

‘मालकी कोणाचीही असो’ हे शब्द आम्हांला या निर्णयातील सर्वांत मोलाचे वाटतात. आपल्या कायद्याचा फार मोठा भाग ‘हे कोणाचे?’ या एका प्रश्नाभोवती फिरतो. येथे न्यायालयाने तो प्रश्न बाजूस सारून ‘हे काय आहे?’ असे विचारले. राज्य हे नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीकाठच्या कमलनाथ प्रकरणात मांडले होते. त्या तत्त्वाचा आधार खारफुटीसाठी घेण्यात येथे औचित्य आहे. देवस्थानचे महाजन म्हणून ज्यांनी काम केले आहे त्यांना तर विश्वस्तपणाचा अर्थ फोड करून सांगावयास नको: जपावयाचे सर्व, आणि आपले म्हणावयाचे काहीच नाही.

आता दुसरी बाजू. कचऱ्याविषयी न्यायालय गप्प राहिलेले नाही. खारफुटीच्या क्षेत्रात दगडमाती व कचरा टाकणे तत्काळ थांबवावे, असे २००५ च्या आदेशातच होते आणि अंतिम निर्णयाने ते कायम ठेवले. आमचे म्हणणे या एका क्रियापदाविषयी आहे. ‘टाकणे’ या क्रियेला कर्ता लागतो. कोणीतरी ट्रक घेऊन येतो, रात्रीच्या वेळी भराव ओततो, हळूहळू चिखलाची जमीन होते आणि जमिनीची किंमत होते. हा कर्ता न्यायालयाच्या डोळ्यांपुढे होता, आणि त्याला अडविण्यासाठी आदेशातील शब्दरचना चोख आहे. पण प्लॅस्टिकची पिशवी खारफुटीत कोणी ‘टाकलेली’ नसते. ती बाजारात टाकलेली असते, गटारात टाकलेली असते, पुलावरून टाकलेली असते. पावसाचे पाणी तिला नाल्यात नेते, नाला खाडीत नेतो, आणि भरती तिला उचलून कांदळाच्या मुळांत ठेवून जाते. शाळेतील व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर न्यायालयाचे वाक्य कर्तरी प्रयोगाचे आहे आणि प्लॅस्टिकचे भावे प्रयोगाचे. कर्त्यावर बजावलेला हुकूम कर्ता नसलेल्या क्रियेला लागू कसा व्हावा?

पन्नास मीटरांच्या रेषेचेही तसेच. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या आणि २०१९ च्या अधिसूचनांतही, खारफुटीचे क्षेत्र एक हजार चौरस मीटरांहून अधिक असल्यास, पन्नास मीटरांचा राखीव पट्टा सांगितलेला आहे. इमारतीला ही रेषा अडवू शकते, कारण इमारत एका जागी उभी असते. पिशवीला ती अडवू शकत नाही. पिशवी पन्नास मीटरांच्या नव्हे, पाच-दहा किलोमीटरांच्या पलीकडूनही येते, आणि तिची वाट जमिनीवरची नसून पाण्यावरची असते. म्हणजे ज्या संकटावर रेषा आखली ते संकट जमिनीवरून येणारे होते. आणि आज जे येत आहे ते दिवसातून दोनदा, भरतीबरोबर, रेषा पुसून येते.

येथे खारफुटीच्या रचनेविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. नाहीतर एका पिशवीने झाडाचे काय बिघडते, असा प्रश्न उरेल. खारफुटी हे एका झाडाचे नाव नव्हे. तिवर, कांदळ, चिपी असे निरनिराळे वृक्ष खाऱ्या चिखलात राहावयास शिकले आणि त्या वस्तीला हे नाव मिळाले. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची मुळे जमिनीतून वर, आकाशाकडे उगवतात. एका वाढलेल्या झाडाभोवती बोटाएवढ्या अशा हजारो खुंट्या उभ्या असतात, आणि त्यांच्या सालीवरील बारीक छिद्रांतून ओहोटीच्या वेळी झाड श्वास घेते. कांदळाची मुळे खोडातून कमानीसारखी खाली उतरतात. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखा कोंब होऊन चिखलात पडते. वाहत्या पाण्याचा वेग मोडणे आणि त्यातील गाळ धरून ठेवणे हे या मुळांचे काम. किनाऱ्याची झीज थांबते ती यामुळे, आणि माशांच्या व कोळंबीच्या पिलांना आसरा मिळतो तोही यामुळेच.

परंतु जो हात गाळ धरतो तोच हात पिशवीही धरतो. त्याला निवड करता येत नाही. पिशवी श्वासमुळांवर पसरते, तिच्यावर गाळ बसतो, त्यावर दुसरी पिशवी येते. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील खारफुटीचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी वनाची निम्मी जमीन प्लॅस्टिकने झाकलेली त्यात आढळली. ज्या झाडांची मुळे अंशतः झाकली होती त्यांनी नवी मुळे वाढवून तग धरला. ज्यांची पूर्ण झाकली गेली त्यांची पाने गळू लागली. म्हणजे हे झाड चिवट आहे, पण त्याच्या चिवटपणाला मर्यादा आहे. कुऱ्हाडीने पडणारे झाड पडताना आवाज करते. हे झाड उभ्याउभ्या गुदमरते आणि आवाज होत नाही. जेथे आवाज नाही तेथे पंचनामा नाही, आणि पंचनामा नाही तेथे खटलाही नाही.

मग न्यायालयाला दोष द्यावा काय? तो अन्याय होईल. न्यायालय आपल्यापुढे आलेल्या वादाचा निवाडा करते, आणि वाद तोड, भराव व बांधकाम यांचा होता. प्लॅस्टिकसाठी वेगळा कायदा आहे. तेव्हा त्याचीही पारख करू.

गोव्यात विघटन न होणाऱ्या कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा १९९६ पासून आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर व्यापक बंदी घातली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या प्लॅस्टिक नियमांनी पिशवीची किमान जाडी ५० मायक्रॉन ठरविली; ती ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. एकदा वापरून फेकावयाच्या ठराविक वस्तूंवर, म्हणजे ताटल्या, पेले, चमचे, नळ्या, सजावटीचे थर्माकोल इत्यादींवर, १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली.

जाडी वाढविण्यामागची युक्ती अशी की जाड पिशवी महाग पडते, म्हणून ती फुकट वाटली जात नाही, आणि तिला मोल असल्यामुळे कचरा वेचणारा ती उचलतो. युक्ती वाईट नाही. पण ती बाजारापुरती आहे. जी पिशवी उचलली गेली नाही तिच्याविषयी कायदा काही बोलत नाही, आणि मुळाच्या दृष्टीने पातळ पिशवीपेक्षा जाड पिशवी सौम्य असते असे कोणी म्हणणार नाही. बंदीच्या यादीत पाण्याच्या बाटल्या नाहीत. तेलाच्या, मसाल्याच्या, सुपारीच्या बहुपदरी पुड्या नाहीत. कोणत्याही खाडीच्या काठी ओहोटीच्या वेळी क्षणभर उभे राहावे आणि मुळांत काय अडकले आहे ते पाहावे. यादीबाहेरच्याच वस्तू पुष्कळ दिसतील.

येथे एक गोष्ट वकिलाच्या नजरेला चटकन दिसते. भरावाच्या दगडमातीवर कोणाचे नाव लिहिलेले नसते; पुडीवर असते. करणाराचे नाव, गाव, परवान्याचा आकडा, सारे तिच्यावर छापलेले असते, आणि खाऱ्या पाण्यातही ते बराच काळ टिकते. आम्ही वर म्हटले की प्लॅस्टिकच्या क्रियेला कर्ता नाही. ते अर्धेच खरे आहे. निम्म्या कचऱ्याचा एक कर्ता तरी त्या कचऱ्यावरच सही करून गेलेला असतो. ज्याने प्रदूषण केले त्याने भरपाई करावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात आपल्या कायद्याचा भाग मानले. बाजारात सोडलेल्या वेष्टनांची परत उचल करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, हेही नियमांत आलेले आहे. पण ही उचल होते ती शहराच्या कचराकेंद्रातून, वजनाच्या हिशेबाने. खाडीत गेलेले वेष्टन त्या हिशेबात कोठेच येत नाही. २०१८ च्या निर्णयातील ‘मालकी कोणाचीही असो’ या तत्त्वाला ‘वेष्टन कोणाचेही असो, खाडीतून काढण्याचा खर्च त्याच्या कर्त्याचा’ अशी जोड मिळाली असती, तर आमच्या मते निर्णय पुरा झाला असता. ती मागणी पुढच्या एखाद्या याचिकेत होईल अशी आशा आहे.

उरलेल्या कचऱ्यावर मात्र कोणाचेच नाव नसते. त्यात बाजारातील बेकायदा पातळ पिशव्या येतात. नियमांप्रमाणे पिशवीवर नाव छापावयाचे असते, पण ज्याला नियमच मोडावयाचा आहे तो नाव कशाला छापील? आणि त्यांत एक प्रकार असा आहे की ज्याविषयी आम्हांला नाइलाजाने स्वतःची साक्ष द्यावी लागते. काही वर्षांपूर्वी घरातील एक मंगलकार्य आटोपल्यावर आम्ही निर्माल्याची पिशवी घेऊन एका खाडीच्या पुलावर गेलो आणि हात जोडून ती पाण्यात सोडली. गाठ बांधलेली होती. फुले पाण्याला मिळालीच नाहीत. ती पिशवीतच राहिली. खाली ओहोटीत उघडी पडलेली तिवराची मुळे आम्ही पाहिली, आणि त्यांवर अशाच अनेक गाठी बसलेल्या पाहिल्या. त्या क्षणी आम्हांला कायद्याचे एकही कलम आठवले नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाण्यात कचरा टाकण्यास मनाई केली होती, हे आम्हांला चांगले ठाऊक होते. पण आमच्या मनाने निर्माल्याला कचरा म्हटलेच नव्हते, मग नियम लागू कसा व्हावा?

दोष निर्माल्याचा नाही. ते पायदळी तुडविले जाऊ नये, म्हणून वाहत्या पाण्यात सोडावे किंवा झाडाच्या मुळाशी ठेवावे, ही चाल योग्य विचारातून निघालेली आहे. फुलाचे पाणी होते, पानाची माती होते. जोवर फुले केळीच्या पानातून येत होती, प्रसाद द्रोणातून वाटला जात होता आणि जेवण पत्रावळीवर होत होते, तोवर देवाच्या दारी निघालेल्या उच्छिष्टाचा भार सृष्टीने मुकाट्याने वाहिला. पान गेले, पिशवी आली. आचार मात्र तोच राहिला. पात्र बदलल्यावर आचाराचा अर्थ बदलतो, हे आमच्या लक्षात आले नाही. मुळाशी ठेवावयाचे म्हणून जे आपण सोडतो ते खरोखरच एका झाडाच्या मुळाशी जाऊन पडते. पण पोसावयास नव्हे, गुदमरवावयास.

आमच्या परंपरेला खारफुटी परकी नाही. तामिळ देशातील चिदंबरमच्या नटराजाचा स्थलवृक्ष तिल्लै हा खारफुटीच्या कुळातलाच एक वृक्ष आहे, आणि जवळच पिचावरमचे कांदळवन आजही उभे आहे. आपल्याकडे फोंडा तालुक्यातील काही गावांत पौषातील अमावास्येला शेतकरी मातीची मगर घडवून पूजतात. तिला मानग्याची थापणी म्हणतात. खाजनाच्या शेताला खाडीचे पाणी वेढून असते, त्या पाण्याचा धनी म्हणून मगरीला हा मान. येथे एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे: ही खाजने आपल्या पूर्वजांनी खारफुटीच्याच दलदलीतून बांध घालून काढली. आजही बांध फुटला की खारफुटी शेतात शिरते आणि मग ती तोडावयाची बंदी, म्हणून शेतकरी कष्टी होतो. त्याची तक्रार खोटी नाही. तरीही बांधाच्या बाहेरील झाडे लाटेचा मार आपल्या अंगावर घेतात, हे खाजन कसणाराला कोणी शिकवावे लागत नाही.

त्या खाजनाच्या व्यवस्थेत आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. बांधात मानस असते. भरतीला पाण्याच्याच दाबाने तिचे दार मिटते आणि ओहोटीला उघडते. ती पाण्याच्या वाटेवर, नेमक्या मुखाशी बसविलेली असते. बांधाची राखण कोणा एकट्याची नसे, ती गावकारीची असे. तिचे नियम पुढे पोर्तुगीज सरकारने संहितेत लिहिले, शेवटची संहिता १९६१ ची. पण बांध राखण्याची जबाबदारी संहितेहून फार जुनी आहे. बांधाला भगदाड पडले तर ‘कोणी पाडले?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवशी. त्या रात्री सर्वांनी माती घेऊन धावावयाचे. प्लॅस्टिकच्या बाबतीत कायदा अजून पहिल्याच प्रश्नावर अडून बसला आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की पन्नास मीटरांची रेषा ठेवावी, पण तिच्या जोडीला दुसरी रेषा पाण्यावर आखावी. जेथे शहराचा नाला खाडीला मिळतो त्या मुखाशी अडसर हवा. मुंबईत काही नाल्यांवर असे तरंगते अडसर बसविण्यात आले आहेत. अडसरात साचलेले रोज उचलण्याची जबाबदारी नगरपालिकेच्या कोणत्या अधिकाऱ्यावर आहे, ते नावानिशी ठरलेले असावे. न उचललेला अडसर हा नाल्यातील बंधाराच ठरतो. जे आधीच मुळांत जाऊन बसले आहे ते काढताना घाई नसावी. छायाचित्रासाठी शंभर माणसे चिखलात उतरविली तर त्यांच्या पायांखाली श्वासमुळे आणि नुकतेच रुजलेले कोंब मोडतात. ओहोटीची वेळ पाहून, थोड्या माणसांनी, माहितगाराच्या देखरेखीखाली हाताने हे काम करावे. गाळात खोल रुतलेले ओढून काढू नये. वर दिसेल तेवढे उचलावे.

आणि तिसरी रेषा देवळाच्या अंगणात आखावी. ती आखावयास न्यायालय नको, अधिसूचना नको. देवस्थान समितीचा एक ठराव पुरे. आवारात फुले पानातून किंवा परडीतून यावीत, जत्रेच्या दुकानांना जागा देतानाच पिशवीची बंदी अटीत लिहावी, प्रसाद द्रोणात द्यावा, आणि निर्माल्यासाठी आवारातच एक खड्डा असावा. त्याची माती पुढे कुळागराला जावी. यात खर्च थोडा आहे आणि गैरसोय पुष्कळ आहे, हे आम्ही जाणतो. पण गैरसोय सोसणे हे व्रताचे लक्षणच आहे. ते नसते तर व्रताला व्रत कोण म्हणता?

२०१८ चा निर्णय आम्ही पुन्हा कपाटात ठेवला आहे. दाखला म्हणून तो उपयोगी पडेलच. कुऱ्हाड धरणाऱ्या हाताला तो थांबवू शकतो, आणि त्याबद्दल या किनाऱ्यावरील प्रत्येकाने त्याचे ऋण मानावे. पिशवी धरणारा हात थांबविणे मात्र त्याच्या आटोक्यातले नाही. तो हात आमचा होता, आणि पुलावर त्या दिवशी तो जोडलेला होता.